वाट अडवणारी फांदी

१७ जून

फांदी मी हलवली.

लिहून टाकलं. वाटलं होतं लिहिलं की हलकं वाटेल, पण तसं काही झालेलं नाही.

नीट सांगतो. आमच्या तांड्यात सगळ्यात पुढे लुगाला बाबा चालतो. तो वाटाड्या. डोक्याला शहामृगाची पिसं, खांद्यावर लाल कापड, हातात भाला, गळ्यात हरणाच्या शिंगाची तुतारी. नवरदेवसुद्धा एवढा नटत नाही. जिथं वाट फुटते तिथं बाबा थांबतो, चुकीच्या वाटेवर भाल्यानं आडवी रेघ ओढतो आणि झाडाची एक फांदी मोडून त्या रेघेवर टाकतो. म्हणजे ही वाट बंद. मागची माणसं डोक्यावर ओझं घेऊन मान खाली घालून चालतात, एकमेकांपासून लांब पडतात. त्यांना बाबा दिसत नाही, फांदी दिसते. तिच्यावर आजवर कुणी शंका घेतलेली मी पाहिली नाही.

आज मोठ्या गोरखचिंचेपाशी वाट फुटली. डावी खाली कोरड्या नदीकडे, उजवी डोंगराकडे. बाबानं शेजारच्या लाल फुलांच्या झाडाची फांदी मोडली (आपला नाशिकचा पांगारा असतो ना, अगदी तसंच झाड) आणि डावी बंद केली. सगळे उजवीकडे गेले. मागे राहिलो मी, आणि माझ्याही मागे सिलास.

सिलास नेहमी शेवटचा. त्याच्याकडे साहेबाची, म्हणजे ज्या गोऱ्यासाठी आम्ही आफ्रिकेत एक तळं शोधायला निघालोय त्याची, तांब्याची किटली आहे. साहेब मध्येच थांबवतो, सिलास पाणी उकळतो, साहेब त्यात काचेची कांडी बुडवतो आणि डोंगर किती उंच ते सांगतो. पाणी उकळून चहा न करणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. किटलीचं झाकण हरवू नये म्हणून सिलासनं ते दोरीनं कानाला बांधलंय. चालताना वाजतं. टिण, टिण, टिण. बैलाच्या घंटेसारखं.

मी काय केलं? पायानं रेघ पुसली, फांदी उचलून उजव्या वाटेवर आडवी टाकली, तिथं काठीनं नवी रेघ मारली आणि गोरखचिंचेवर चढून बसलो. जमीन तव्यासारखी कडक, पावलाचा ठसा उठत नाही. म्हटलं, सिलास डावीकडे थोडा जाईल, पुढे कुणी दिसणार नाही, चडफडत परत येईल, आणि मी वरून तरसाचा आवाज काढीन. माझा तरस एवढा हुबेहूब असतो की एकदा खऱ्या तरसानं उत्तर दिलं होतं.

सिलास आला. फांदीपाशी थांबला. आणि काय केलं त्यानं? एक दगड शोधून आणला आणि फांदीच्या बुडावर ठेवला. वाऱ्यानं हलू नये म्हणून! मागे कुणी यायचं नाही हे माहीत असून. असा तो आहे. शाळेत पाटी पुसली तरी कोपरे वेगळे पुसायचा.

मग डावीकडे उतरला. टिण, टिण. मी तोंडात सदऱ्याची बाही कोंबून हसत होतो.

तो परत आला नाही.

सावली झाडाच्या दुसऱ्या बाजूला गेली तरी नाही. मी उतरलो, हाका मारल्या, नदीच्या काठापर्यंत गेलो. तिथं वाळू होती, पण वाळूवरही पाऊल नव्हतं. मग माझी तंतरली आणि मी डोंगराकडे पळत सुटलो. फांदी तशीच राहिली.

ही वही मी मराठीत लिहितो, कारण अरबांच्या गलबतातून सोडवून आम्हाला नाशिकच्या शाळेत घातलं ते तिथंच ही भाषा तोंडात बसली. इथं ती वाचणारे दोघंच. मी आणि सिलास. त्यामुळे वही त्याच्यापासून लपवावी लागायची.

१८ जून

घड्याळसाहेब म्हणाला, "पळाला."

साहेबाचं खरं नाव लांबलचक आहे, पण सारखं घड्याळ काढून बघतो म्हणून सगळे घड्याळसाहेब म्हणतात. त्याच्या मागे म्हणतात.

"तांब्याची किटली घेऊन पळाला," साहेब म्हणाला. "चोर निघाला. मला वाटलं होतं हा बरा आहे."

फेरूझी, म्हणजे आमच्यातला सगळ्यात दांडगा हमाल, पुढे झाला. "साहेबाला विचार, तोबी. मी मागे जाऊन बघून येतो. सिलास पळणारा नाही. तो शिंकायच्या आधी परवानगी मागतो."

साहेबाचा दुभाषा मी, पण मी त्याला विचारलंच नाही. फेरूझीला म्हणालो, "मी जाऊन आलोय ना काल. नदीपर्यंत. माग नाही."

फेरूझी मागे गेला असता तर फांदी चुकीच्या वाटेवर पडलेली दिसली असती.

पाणी कमी आहे म्हणून साहेबानं लगेच कूच करायला लावलं. निघताना लुगाला बाबा माझ्याजवळ आला. खांदा धरून मला ओळीच्या टोकाला नेऊन उभं केलं.

"आता शेवटी तू," म्हणाला.

"का, बाबा?"

"कुणीतरी लागतं."

सिलासची धाकटी बहीण मोंबासाला असते, मिल्का. मिशनच्या वस्तीत कपडे धुते. निघताना तिनं मला सांगितलं होतं, "तू त्याची चेष्टा करशील ते कर, पण त्याला परत आण." भाऊ चोर निघाला हे तिला ऐकावं लागेल. मिशनमध्ये असली गोष्ट चर्चच्या घंटेपेक्षा लांब ऐकू जाते.

२१ जून

आज एक गोष्ट झाली. 

दुपारी, उन्हं डोक्यावर असताना, अख्खी ओळ थांबली. पुढे वाट फुटत होती आणि बाबा तिथं कमरेवर हात ठेवून उभा होता. एका वाटेवर फांदी पडलेली होती. आधीच.

"माझ्या पुढे कोण गेलं?" बाबा ओरडला. पिसं थरथरत होती. "कुणाची एवढी हिंमत? फेरूझी!"

"मी? माझ्या डोक्यावर साहेबाचं बिछान्याचं गाठोडं आहे, बाबा. मला माझं नाकसुद्धा दिसत नाही."

"मग कोण?"

फेरूझीची बायको झायना पाण्याचा भोपळा घेऊन पुढे गेली आणि वाकून बघितलं. "ओली आहे. चीक गळतोय अजून."

फांदी लाल फुलांची होती. आजूबाजूला काटेरी खुरटी झुडपं, सगळी वाळून कोळपलेली. त्या जातीचं झाड मागे गोरखचिंचेपाशी राहिलं ते शेवटचं.

आणि फांदीच्या बुडावर दगड होता.

बाबानं दगडाकडे बघितलं, मग भल्या मोठ्या ओळीवरून थेट शेवटच्या माणसाकडे बघितलं. शेवटचा माणूस मी.

मग तो मोकळ्या वाटेनं चालू लागला.

२४ जून

रोज असंच चाललंय. बाबानं आता भाला खांद्यावरच टाकलाय, रेघ मारायचं कामच उरलं नाही. जिथं वाट फुटते तिथं ओली फांदी, बुडावर दगड.

साहेब खूश आहे. मला म्हणाला, "पाहिलंस? ही वाट माझ्या अंदाजाप्रमाणेच निघाली."

मी म्हणालो, "हो साहेब."

चालताना आवाज येतो. वारा नाही, पानं हलत नाहीत, ऊन असं की डोळ्यापुढे हवा वितळते, आणि लांब पुढे टिण. टिण. आधी वाटलं माझ्याच कानात. पण झायना थांबली आणि नवऱ्याला म्हणाली, "ऐकलंस?"

फेरूझी म्हणाला, "चोर आपल्या पुढे जाऊन चहा टाकतोय."

कुणी हसलं नाही. मीसुद्धा नाही. चांगला विनोद वाया गेला.

२५ किंवा २६ जून

आज मुक्काम लवकर पडला. साहेबाचे डोळे आलेत. सुजून बोरासारखे झालेत, झायनानं त्यावर ओली फडकी बांधली आणि तो तंबूत कण्हत पडलाय. मी बाबाजवळ जाऊन बसलो. तो पिसं सारखी करत होता.

"बाबा, एक विचारू?"

"तू विचारल्याशिवाय राहतोस कुठं?"

"तळं अजून किती लांब?"

बाबानं आजूबाजूला बघितलं. "मला काय माहीत."

"म्हणजे? तू पाहिलंयस ना! किनाऱ्यावरच्या बागामोयोपासून सांगत आलायस की मी पाहिलं, मी पाणी प्यालो, मी—"

"पाहिलं. पोरगा होतो, हस्तिदंताच्या तांड्याबरोबर. पण आम्ही पलीकडून आलो होतो. इकडून कुणी गेलेलं नाही. माझे न्याम्वेझी लोक नाहीत, अरब नाहीत, कुणीच नाही." मग छाती पुढे काढून म्हणाला, "वाट मी शोधलीच असती."

"मग आत्ता कोण शोधतंय?"

बाबा एक पीस बोटांवरून फिरवत राहिला. "तुला माहितीय, फांदी हलवणाऱ्याचं काय होतं?"

मी म्हणालो, "काय होतं? वाटाडे घाबरवायला सांगतात ते."

"त्याला काहीच होत नाही," बाबा म्हणाला. "तो म्हातारा होतो, पोटभर खातो, झोपतो. फक्त त्याच्या मागची वाट बंद होत नाही. जे मागे राहिलं ते चालत येतं."

मी हसलो. असा हसलो की मलाच तो आवाज आवडला नाही.

नंतर दिवस चुकले. जुलै असावा

तळं लागलं.

लव्हाळ्यातून वाट होती, माणसाच्या दुप्पट उंच, आत शिरलं की आभाळाची पट्टी तेवढी दिसते. त्यात वाटा फुटतात शंभर. प्रत्येक फाट्यावर फांदी. इतक्या आत दगड कुठून येणार? पण होता. मग एकदम लव्हाळा संपला आणि समोर पाणी, ताटासारखं सपाट. बाबाच्या लोकांत याला आईचं ताट म्हणतात. एक पक्षी नव्हता वर.

काठावर एक खुरटं झाड, त्याच्या फांदीला किटली लटकत होती.

झाडाखाली सिलास बसलेला. म्हणजे तो होता तेवढा. वाळवीनं कमरेपर्यंत वारूळ चढवलेलं, दगडासारखं कडक. वर उरलेली हाडं उन्हापाण्यानं पांढरी झालेली. सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. समोर चुलीचे तीन दगड, मधे राख, आणि राखेतून गवत उगवून वाळलेलं.

फेरूझी कुजबुजला, "हे... हे कालचं नाही."

"मागच्या पावसाळ्याचं आहे," झायना म्हणाली. "वारूळ बघ."

"मागच्या पावसाळ्यात तो बागामोयोत माझ्या ताटातले मासे खात होता!"

बाबानं दोघांना गप्प केलं. पिसं उतरवून हातात घेतली. पहिल्यांदाच त्याचं टक्कल पाहिलं. मग साहेबाला धरून पुढे आणलं. साहेबाच्या डोळ्यांवर फडकी.

"सांग त्याला," बाबा मला म्हणाला. आपल्या न्याम्वेझी बोलीत, सावकाश, एकेक शब्द खाली ठेवल्यासारखा. "सांग, हा तुझा माणूस सिलास. हा पळाला नाही. चुकीच्या वाटेवर टाकला गेला तरी मागे फिरला नाही, तुझं तळं शोधलं. इथं सगळ्यात आधी हा आला. आम्ही सगळे याच्या मागून आलो, मीसुद्धा. सांग."

साहेब इंग्रजीत म्हणाला, "काय म्हणतोय?"

मी सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न हाच येणार होता की सिलास चुकीच्या वाटेवर गेलाच कसा.

मी म्हणालो, "म्हणतोय, कुणा कोळ्याची हाडं आहेत. पाय सांभाळा."

बाबाला इंग्रजी येत नाही. पण त्यानं केवढं सांगितलं आणि मी केवढं सांगितलं ते त्याला मोजता येतं. तो माझ्याकडे बघत राहिला.

दुसरा दिवस

साहेबाला तळं दिसत नाही. त्यानं मांडीवर फळी घेतली, कागद लावला, आणि मला म्हणाला, "तू सांग. मी काढतो."

मग मी सांगितलं. उत्तरेला उंच काठ. पूर्वेला लव्हाळा. पश्चिमेला एक ओढा बाहेर पडतो. बाबा बाजूला उभा राहून माझे हातवारे बघून चूक सुधारत होता, "ओढा आत येतो, गाढवा, बाहेर नाही." साहेबाची पेन्सिल फडक्याखालून कागदावर फिरत होती. एरवी मी तळ्यात एखादं बेट घातलं असतं, वर एक देऊळ. आज जमलं नाही. समोर सिलास बसला होता.

काढून झाल्यावर साहेबानं तळ्याला आपल्या मावशीचं नाव दिलं. ऑगस्टा. म्हणाला, तिला पोहायची फार भीती वाटायची.

मग चिडून म्हणाला, "किटली असती तर उंचीही मिळाली असती. त्या चोरामुळे राहिली."

किटली त्याच्यापासून चार हातांवर लटकत होती.

आम्ही सिलासवर दगड रचले. फेरूझी आणि मी. झायनानं झाडाला कापडाची चिंधी बांधली. किटली काढायला मी हात वर केला तर बाबानं भाल्याचा दांडा मनगटावर मारला. "ती त्याची आहे."

ती तिथंच लटकत राहिली. मी स्वतः पाहिलं, निघताना वळून दोनदा पाहिलं.

जुलैच्या शेवटी

परतीला लागलो. फांद्या एकाही फाट्यावर नाहीत. दगड आहेत, खाली काही नाही.

मी शेवटी चालतो. आता आवाज पुढून येत नाही.

मागून येतो.

टिण, टिण. मी थांबलो की थांबतो. तरसाचा आवाज काढून बघितला, एकदाच. मागे काही क्षण शांत. मग झाकण वाजलं, वैतागल्यासारखं, सिलास वैतागला की तो झाकण दाबून धरायचा आणि मग सोडायचा तसं.

झायनाला म्हणालो, "झायनाताई, मी मधे चालू का?"

"का रे, एवढा मोठा तरस ना तू?"

"पाय दुखतात."

तिनं माझ्या मागे वाटेकडे बघितलं आणि स्वतःच्या पोतडीची गाठ घट्ट केली. "तू शेवटी नाहीस," म्हणाली. "तुला वाटतं तेवढंच."

ऑगस्ट

गोरखचिंच आली.

फांदी तिथंच होती. ज्या उजव्या वाटेवर मी टाकली होती, बरोबर तिथंच. पण आता ती पडलेली नव्हती. उभी होती. पांगारा कसा, कुंपणाला फांदी खुपसली की रुजतो, तशी ती रुजली होती. पण ही आडवी पडलेली, वर पाऊस नाही, जमीन तव्यासारखी. माझ्या छातीएवढं झाड, वर लाल फुलं, पान एक नाही. बुडाशी सिलासचा दगड, मुळांनी अर्धा गिळलेला.

डोंगरावरून घराकडे जायची वाट तिनं अडवली होती.

बाबा झाडापाशी आला. डाव्या वाटेकडे बघितलं, जी त्यानं बंद केली होती आणि आता मोकळी होती. उजवीकडे बघितलं. दगडाला हात लावला. मग ओळ सोडून माझ्यापर्यंत चालत आला. मला वाटलं भाला आता पोटात जातो.

"केव्हापासून माहीत होतं?" मीच विचारलं.

"पहिल्या दिवशी. तू पळत आलास आणि विनोद केला नाहीस."

"मग बोलला का नाहीस?"

"माझ्या बोलण्यानं काय होणार? मी बोललो की तू बोलतोस, आणि साहेबाला तूच ऐकू येतोस." त्यानं माझ्या छातीवर बोट ठेवलं. "किनाऱ्यावर साहेब नावं पुकारेल. सगळ्यांसमोर. तेव्हा तो सिलासला चोर म्हणेल. तिथं तू तोंड उघडायचंस. नाहीतर ही वाट तुझ्यासाठी मी कधीच बंद करणार नाही."

मग परत पुढे गेला आणि झाडाला वळसा घालून, काट्यातून नवी वाट काढत आम्हाला नेलं. कुणी त्या झाडावरून पाय टाकला नाही. चाळीस-पन्नास माणसं एकदा गेली की वाट पडते. पुढचे तांडेही आता तिथूनच वळणार.

साहेब डोलीत पडल्या पडल्या म्हणाला, "वळलो का आपण? इथं वाट सरळ होती. मला आठवतं."

मी म्हणालो, "दलदल आहे, साहेब."

"या दिवसांत?"

"फार मोठी."

त्यानं कागद मागवला आणि फडक्याखालून चाचपडत दलदल काढली.

सप्टेंबर, बागामोयो

उद्या नावं पुकारणार. साहेबाचे डोळे अजून बांधलेले आहेत, पण त्याला सगळ्यांची नावं पाठ आहेत, त्याचा त्याला गर्व आहे.

सांगून टाकलं तर? तांड्यातले मला भाल्यांनी नाही मारणार, नुसते बघतील. ते जास्त वाईट. आणि मोंबासाला मिल्का. तिला काय सांगू, की तुझ्या भावाला मी गंमत म्हणून मारला?

न सांगितलं तर ती चोराची बहीण.

मग मला सुचलं. असं सुचलं की उड्याच मारल्या. साहेबाला दिसत नाही. त्याला आवाज कळतो. आणि आवाज तर मी कुणाचाही काढतो! सिलासचा तर डोळे मिटून. तो जरासा नाकात बोलायचा, शब्दाच्या आधी घसा साफ करायचा. साहेब "सिलास" म्हणाला की मी सिलासच्या आवाजात "हजर" म्हणणार. झालं. चोर नाही, पळपुटा नाही.

पण एका तोंडानं दोनदा हजर म्हटलं तर पकडला जाईन. साहेबाला एक माणूस कमी आहे हे माहितीय. कुणीतरी कमी पडायलाच हवं.

ते मी बघतो.

दुसरा दिवस

नारळाखाली सगळे ओळीनं उभे. साहेब खुर्चीवर, डोळ्यांवर फडकी. मी शेवटी. माझ्या मागे नुसती वाळू आणि समुद्र.

बाबा पुढून माझ्याकडे बघत होता.

"फेरूझी."

"हजर!"

आणखी नावं. मग साहेब ओठ मुडपून म्हणाला, "आणि तो नाशिकचा चोर. सिलास. गेलेला."

मी श्वास घेतला. घसा साफ करायच्या आधी तोंडात थुंकीच राहिली नाही. म्हटलं आता, आता—

मागे कुणीतरी घसा साफ केला.

"हजर, साहेब."

नाकातून. हळू. शिंकायच्या आधी परवानगी मागितल्यासारखं.

साहेब दचकला. "सिलास? तू आहेस?" मग कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "मग माझी किटली?"

टिण.

"बरं," साहेब म्हणाला, आणि खरंच त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. "बरं. मी लोकांसमोर तुला चोर म्हणालो, ते परत घेतो. मिशनला तसं कळवीन. पुढचा. तोबियस."

मी आता हजर म्हणू शकलो असतो. माझं तोंड मोकळंच होतं, मी काही केलेलंच नव्हतं. पण ओळीत एक जण कमी असायला हवा होता, आणि तो सिलास नको होता.

मी गप्प राहिलो.

"तोबियस? नाही? तो विदूषक?" साहेब म्हणाला. "त्याच्याकडून मला हीच अपेक्षा होती."

पांगापांग झाल्यावर फेरूझीनं माझ्या पाठीत अशी थाप मारली की मी वाळूत पडलो. "हरामखोरा! काय आवाज काढलास! माझ्या अंगावर काटा आला! आणि झाकण? झाकण कशानं वाजवलंस?" झायना रडत होती आणि हसत होती. सगळ्यांनी मला खांद्यावर घेतलं. आयुष्यात माझी एवढी वाहवा कधी झाली नाही.

एकटा बाबा आला नाही. तो नारळाशी उभा होता. मी त्याच्या जवळून पुढे गेलो, तेव्हा माझ्या मागे बघत, पिसं काढून, तो वाटेतून बाजूला झाला. माझ्यासाठी नाही. मी तर आधीच पुढे गेलो होतो.

म्हणून हे शेवटचं लिहितो. साहेबाच्या पुस्तकात मी पळपुटा राहीन, राहू दे. नकाशात एक तळं असेल मावशीच्या नावाचं आणि एक दलदल असेल जिथं टाचेएवढं पाणी नाही, लाल फुलांचं झाड आहे. शाळेत तो नकाशा भिंतीवर लागला आणि कुणी छडीनं ती दलदल दाखवली, तर ही वही वाचणाऱ्या बाबांनो, तुम्ही गप्प बसा. आणि तो आवाज माझाच होता असंच सगळ्यांना वाटू द्या. मिल्काला तर अजिबात कळता कामा नये. तिला सांगा तुझा भाऊ हजर होता, बस. पाया पडतो, कान धरतो, नाक घासतो, कुणाला सांगू नका.

सिलास, तू पण. इथं मराठी वाचणारा दुसरा तूच आहेस.